आखाडातलं हाडूक

आखाड लागला की भिंगारात घरोघरी मटण शिजतं. श्रावणाआधी सगळ्यांनाच घाई, आणि हाडकं सगळी गल्लीत. मग आमच्या फाटकाशी जेवायला येणाऱ्या एखाद्या कुत्र्याच्या टाळूत हाडूक अडकतंच. तोंड मिटत नाही, लाळ गळत राहते. ते काढायचं काम माझं. हातमोज्यांतून बोटांना हाडूक लागत नाही, म्हणून मी उघड्या हातानंच काढायचे. आमचे हे डोकं धरायचे आणि तोंडानं माझा उद्धार करत राहायचे.

गेल्या आखाडात तांबडी कुत्री तशीच आली. दूध-भाकरी पुढे केली, तर नुसती हुंगून उभी राहिली. मी हाक मारली, "अहो, या लवकर, अडकलंय हिच्या!" ह्यांनी डोकं धरलं, मी हात थेट घशापर्यंत घातला. टाळू चाचपली, दाढांमागे पाहिलं. हाडूक नव्हतंच.

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते फाटकाबाहेरच थांबले.

"तोंडात हात कुणी घातला?"

मी लाळेनं बरबटलेला हात वर केला.

"जबडा लुळा पडलाय हिचा. पिसाळलेलं कुत्रं दरवेळी चावत सुटत नाही, बाई. हात साबणानं खळाखळा धुवा आणि दोघंही आजच्या आज सुया घ्या."

दुसऱ्या दिवशी कुत्री मेली. मी तोवर सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. हे मात्र हलले नाहीत. "मी नुसतं डोकं धरलं. मला काय होतंय?" अहो, पण पत्रा लागून अंगठा कापलेला होता की! त्यावरच्या चिंधीवर लाळ गळताना मी या डोळ्यांनी पाहिली होती. मी भांडले, रडले, शपथ घातली. "उगाच डोकं खाऊ नकोस" म्हणत पेपर तोंडापुढे. एवढा बाप्या माणूस, आणि सुईला भितो! संताप व्हायचा नुसता. आणि भीतीही तेवढीच. हा रोग झालेल्याला पाणी गिळता येत नाही, हे ऐकून होते. त्यामुळे ह्यांनी पेला उचलला की माझं लक्ष ह्यांच्या गळ्याकडे.

मग एका दुपारी जेवताना पाणी पिता पिता ह्यांना जोरात ठसका लागला. पाणी सगळं सदऱ्यावर. मी किंचाळलेच.

"अगं, ठसका आहे नुसता!" म्हणाले. पण पेला पुन्हा ओठांना लावेनात. त्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. भात पानात तसाच टाकून उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल."

रिक्षात, भर बाजारातून जाताना, ह्यांनी माझा हात घट्ट धरला. "वेळ गेली असेल का गं?" मी रिक्षावाल्याला म्हटलं, "जरा जोरात घ्या हो!"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चांगलं झापलं. "उशीर केलात. तरी आलात ते बरं केलंत. आता एकही सुई चुकवायची नाही." एकही चुकवली नाही.

आता पुन्हा आखाड आलाय. हे ठणठणीत आहेत, आणि कुत्र्याच्या तोंडात आम्ही कुणीच हात घालत नाही, डॉक्टरांना बोलावतो. पण ह्यांनी पेला उचलला की माझा हात अजून थांबतो. ह्यांना ते ठाऊक आहे. पाणी संपवून पेला उपडा करून मला दाखवतात.

काल मी पाणी पीत होते, तर ह्यांचा घास हातातच राहिलेला. मीही पेला उपडा करून दाखवला.