जगनचं अळणी जेवण

माझा धाकटा भाऊ जगन पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबतच मोठा झाला. हंगामाचं पहिलं मीठ पानावर ठेवून देवाला दाखवायचं, मगच रास घालायची, ही आमच्या माहेरची रीत. मी लग्न होऊन रोह्याला भातशेतीच्या घरात आले, तरी मीठ भावाच्याच हातचं खाल्लं.

माझी अनिता मुंबईला दगडमातीचं शास्त्र शिकत होती. शहाण्णव साली तिला राजस्थानातल्या एका आटलेल्या खाऱ्या तळ्याचा गाळ आणायचा होता. वाळवंटात पूर्वी पाणी केव्हा होतं नि केव्हा आटलं, हे त्या गाळावरून कळतं म्हणे. मी म्हटलं, "मामा सोबत येत असेल तरच जा." त्या वर्षी उधाणाने बांध फुटून जगनचं मिठागर बसलं होतं. तो एका शब्दावर निघाला. तिथे खड्डाही त्यानेच खणला.

शिमग्याच्या आदल्या दिवशी दोघं परत आली. प्रयोगशाळा सणाला बंद, म्हणून गाळाच्या नळ्यांची पेटी आमच्याच घरी आली. काळ्या कापडात गुंडाळलेल्या लोखंडी नळ्या. अनिताने सगळ्यांना बजावलं, "गाळाखाली गाडले गेल्यापासून या वाळूच्या कणांनी ऊन पाहिलेलं नाही. किती काळ अंधारात काढला, त्याची खूण त्यांच्यात साठते. ऊन लागलं की पुसली जाते. पेटीला हात लावू नका."

पहाटे मी देवघरात गेले, तर समईपुढे पानावर चिमूटभर करडा गाळ. शेजारी उघडी नळी, आणि जगन हात जोडून बसलेला.

"जगन, काय केलंस रे हे?"

"उन्हात कुठं उघडली, ताय? पयला माल देवाला दावला नाय, तर पोरीच्या कामाला बरकत कशी येल?"

अनिता धावत आली. आधी नळीवर कापड टाकलं, मग विचारलं, "मामा, कुठली ही?"

"सगल्यात खालची. खड्ड्याच्या तळाशी तीच पयली काढली ना आपण, मंग वरच्या."

"अरे मामा, समईचा उजेडही उजेडच ना!" तिने नळीचं तोंड कापडाने घट्ट आवळलं. तो थर सर्वांत जुना. तोच गेला, तर तळ्याची सुरुवात कधी झाली ते कळणार नव्हतं, आणि तिचं सगळं काम त्यावरच उभं होतं.

जगनचा चेहरा पडला. ते पाहून तीच म्हणाली, "टोकाचाच काढलास ना? टोकं आम्ही तशीही टाकून देतो. मधला गाळ वाचला असेल. पण तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

"तवर मी मीठ खानार नाय," जगन देवाकडे बघून बोलला.

आमचे हे हसले. "मिठागरवाला आणि अळणी! जगनराव, कोळंबीत साखर घालायला सांगू का?"

पण जगनने शब्द पाळला. बांध घातला, उरल्या हंगामाचं मीठ काढलं. कोपरापर्यंत मीठ, आणि जेवणात कणभर नाही. त्याची बायको सरू म्हणायची, "ह्यांच्यासाठी वेगळं कालवण करून हात दुखले गो बाय."

पावसाळ्यात अनिता थेट मामाकडेच पेणला आली. मीही गेले होते. उंबऱ्यातूनच ती म्हणाली, "मामा, मधला गाळ शाबूत आहे! वयं नीट जुळली, सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना. आणि त्यात गोड्या पाण्यातल्या शंखांचे तुकडे निघालेत."

मग माझ्याकडे वळली. "देवघराला खिडकी असती ना आई, तर काही खरं नव्हतं."

त्या खिडकीसाठी मी यांच्याशी किती वर्षं भांडत होते! देवाने ते गाऱ्हाणं कानाआड केलं, हे त्याचे उपकारच. आजही देवघराला खिडकी नाही.

सरूने ताट वाढलं, कडेला मीठ. जगन ताटावर बसला.

"म्हंजे तितंबी पयला गोडंच व्हतं, मीठ मागनं आलं," तो म्हणाला. ताटातलं चिमूटभर मीठ उचलून आधी देवापुढे ठेवून आला, मग मासळीत कालवलं. पहिला घास मात्र त्याने अनिताला भरवला.