समुद्राच्या तळावरचा चहा

लडाखच्या त्या बसमध्ये आम्ही सगळे सातारा-सांगलीकडचे, बहुतेक निवृत्त. मी साताऱ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. आयुष्यभर फळ्यावर काढलेला दगड एकदा तरी हातात घ्यावा म्हणून आले होते. बाकीचे कशाला आले होते, ते त्यांच्या फोनना माहीत.

सहलीचा व्यवस्थापक सांगलीचा. सारखा माईक घ्यायचा आणि आम्हाला शहाणं करायचा.

"पूर्वी इथं समुद्र होता. तो उचलला गेला आणि त्याचं पाणी इथल्या तळ्यांत उरलं, म्हणून तळी खारट!"

टाळ्या. पाणी खारट म्हणजे समुद्र! मग आमच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या खारावलेल्या विहिरींनाही बंदर बांधायला हवं. तळ्यांना बाहेर वाट नाही, पाणी आटतं आणि मीठ उरतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर अंताक्षरी सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी सिंधूच्या काठानं जाताना पुढं दरड कोसळली आणि बस थांबली. खिडकीतून पाहिलं. उतारावर काळपट हिरवे, फुगीर दगड, गादीवाल्याच्या दुकानात उशा रचाव्यात तसे. मी उतरले.

"मॅडम, फोटो पॉइंट पुढं आहे," व्यवस्थापक ओरडला.

माझ्यामागं एकच जण उतरले, माणचे एक निवृत्त सुभेदार. तेही पाय मोकळे करायला.

"काय घावलं, बाई?"

"समुद्राचा तळ."

"आवं, मग पानी कुटं गेलं?"

"पाण्याचं सोडा. तळ कुठं गेला ते विचारा."

त्यांनी खरंच विचारलं. मी सांगितलं, की भारताचा भूखंड सरकत आशियाला भिडला. मधल्या समुद्राचा तळ जड, तो जवळजवळ सगळा आशियाच्या खाली घुसून पृथ्वीच्या पोटात गेला. एक छोटा तुकडा तेवढा खरवडला गेला, दोन भूखंडांच्या कचाट्यात अडकला आणि डोंगरांबरोबर वर आला. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की वरून झटकन थिजतो, म्हणून या उशा. आपल्या सह्याद्रीतला लाव्हा उघड्यावर पसरला, म्हणून तिथं थरावर थर.

सुभेदारांनी दगडावर तळवा टेकला. "म्या हितंच पोस्टिंगला व्हतो. असल्या दगडावर बसून लय च्या प्यालो. कुनी सांगितलंच न्हाई."

मग परेडच्या आवाजात त्यांनी अख्खी बस खाली बोलावली. आली मंडळी. एक गृहस्थ म्हणाले, "असला काळा दगड आमच्या अजिंक्यताऱ्यावर पोत्यानं आहे." माधवनगरच्या एका बाईंनी विचारलं, "देवघरात ठेवला तर चालतो का हो?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी एक तुकडा पर्समध्ये टाकला. बसमधून चहाचे कागदी कप आले. चहा पिऊन झाल्यावर ते तिथंच, कोट्यवधी वर्षं टिकून राहिलेल्या त्या तळावर, खोचून ठेवण्यात आले. मी वाकून कप गोळा करत होते, तेव्हा मंडळींचा ग्रुप फोटो चालला होता.

रस्ता मोकळा झाला, शिट्टी वाजली. जे शिकवण्यात माझी हयात गेली, त्याच्यापुढं मला जेमतेम एका चहाएवढी सवड मिळाली.

बसमध्ये सुभेदार माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. "बाई, जो तळ खाली गेला, त्येचं फुडं काय झालं?"

मागं कोणीतरी आधीच घोरत होतं. मी मुक्काम येईपर्यंत बोलत राहिले.