मूठ मूठ ज्वारी

मेलबर्नच्या भाड्याच्या घरात मी जमिनीवर बसून चहा पीत होते, कारण आमच्या खुर्च्या अजून बंदरावरच्या तपासणीत अडकल्या होत्या. तेवढ्यात तपासणीवाल्या बाईंचा फोन आला. इंग्रजीत शांतपणे बोलता बोलता त्या मध्येच म्हणाल्या, "खपरा." धान्यातल्या किड्याचं हे नाव मी लहानपणापासून ऐकलेलं, ते या बाईंच्या तोंडी कसं आलं तेच मला कळेना. मग त्यांनी विचारलं, सामानात खाण्याचं काहीही नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?

हो, मीच सांगितलं होतं. अगदी छातीठोकपणे.

देश सोडण्याआधी पुंडलिकनगरमधलं घर आवरताना मी पोलीसच झाले होते. नवऱ्याला शेंद्र्याच्या कारखान्यातून थेट इकडे नोकरी मिळाली, सामान जहाजानं यायचं ठरलं आणि सामान नेणाऱ्यांनी बजावलं की ऑस्ट्रेलियात धान्य, मसाला, बिया काही चालत नाही. जिवंत किडा सापडला तर वस्तू जाळूनसुद्धा टाकतात. झालं! सासूबाईंनी उन्हाळ्यात केलेला काळा मसाला, शेवया, कुरडया, सगळं मी गल्लीत वाटून टाकलं. शेजारच्या चाचींना तर कुरडयांचा अख्खा पत्र्याचा डबाच दिला. एरवी मसाल्याच्या बरणीला कुणी हात लावला तरी घर डोक्यावर घेणाऱ्या सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, किती समजून घेतात! कसलं समजून घेतात नि काय.

त्यांची अट एकच होती. व्हिसा आला की त्याही आमच्या मागून यायच्या होत्या, पण आधी देव्हारा गेला पाहिजे. सासरे एसटीत कंडक्टर होते. सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून त्यांनी तो सागवानी देव्हारा स्वतःच्या हातानं केला होता, खाली वाती-कापूर ठेवायला छोटासा खण होता. सासरे गेल्यापासून सासूबाई रोज सकाळी आधी देव्हाऱ्यावरून हात फिरवत आणि मग देवांना अंघोळ घालत. "देव्हारा तिथं पोचला की कळवा, मग निघते मी," त्या म्हणाल्या. "देवाला घर नाय आन् मी कुठं ऱ्हाऊ?" देव मात्र त्यांनी स्वतःजवळ ठेवले.

सामान बांधणारे यायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपण होऊन न्यायची सगळी भांडी घासली, पुसली, उन्हात वाळवली आणि घट्ट झाकणं लावून ओट्यावर मांडली. "आई, किती छान आवरलंत हो!" मी म्हटलं. त्या नुसत्या हसल्या. दुसऱ्या दिवशी माणसांनी एकही झाकण न उघडता डबे कागदात गुंडाळले.

आता तपासणीवाल्या बाईंनी पाठवलेले फोटो मी एकेक करून बघत होते. पोह्यांचा डबा, चहाचा डबा, कुकर, पितळी तांब्या. प्रत्येकाच्या तळाशी मूठभर ज्वारी. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांमध्येसुद्धा चिमूट चिमूट दाणे. शेवटचा फोटो देव्हाऱ्याच्या खणाचा होता, आणि तिथल्या ज्वारीत केसाळ अळ्या वळवळत होत्या. चहाचा कप मी तसाच जमिनीवर ठेवला. नवऱ्याला फोन केला, तर तो आधी हसलाच. "अगं, रिकामं भांडं आई उंबऱ्याबाहेर जाऊ देईल का?" तो म्हणाला. खरंच होतं ते. चाचींची वाटी परत करताना मी तरी कधी साखर घातल्याशिवाय दिली होती? इथं तर लेकाचा अख्खा संसार निघाला होता.

भांडी धुऊन, वाफवून परत मिळणार होती. देव्हारा मिळणार नव्हता. अळ्या लाकडाच्या फटींत शिरल्या होत्या, म्हणून तो नष्ट करणार होते. नवऱ्यानं खूप विनवण्या केल्या, औषध मारा म्हणाला, धुरी द्या म्हणाला. प्रत्येक वेळी त्याच गोड आवाजात तेच उत्तर आलं. मला त्या गोड आवाजाचा इतका संताप आला! निदान कुणी ओरडलं असतं, तर मलाही ओरडता आलं असतं.

सासूबाईंना सांगायची वेळ आली, तेव्हा नवऱ्यानं कच खाल्ली. "तूच सांग," म्हणाला. म्हणजे याच्या वडिलांचा देव्हारा गेल्याची बातमी सुनेनं द्यायची! शेवटी व्हिडिओ कॉलवर मीच बोलले.

"अगं, पण ते खायाचं कुठं व्हतं?" सासूबाई म्हणाल्या. "मूठ मूठ दाणे टाकले नुसते. रिकामं कसं धाडावं, तूच सांग!"

"आई, त्यात किडे झाले. देव्हाऱ्यातही गेले."

"मग उन्हात ठिवा की. लई ऊन दिलं की जातेत किडे."

"आई, तो जाळायला नेला त्यांनी."

मग फोन कलला आणि मला नुसतं छत आणि फिरणारा पंखा दिसू लागला. "आई! अहो आई!" मी घाबरून ओरडत होते. शेवटी आवाज आला, "म्याच जाळला म्हण की." आणि फोन बंद झाला.

त्यानंतर त्या धड बोलेनात. व्हिसा आला तरी "बघू" एवढंच म्हणत. देव्हारा नाही म्हणजे आता या येत नाहीत, हे मी धरूनच चालले होते. शेवटी त्यांना आणायला मीच गेले. विमानात सगळी वाक्यं पाठ केली, वेळ आली तर भांडायचंही ठरवलं. पुंडलिकनगरच्या घराचं दार उघडलं, तर दाराशीच भरलेली बॅग होती. मी बघतच राहिले.

"अशी काय बघती? लेक तिथं आन् मी इथं भिंतीसंग बोलू व्हय?" त्या म्हणाल्या आणि एक स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला. "देव हायत. उघडून बघ. नंतर बोल लावू नको."

त्यांच्या देवांत माहेरची अन्नपूर्णा होती, लग्नात मिळालेली. अन्नपूर्णा तांदळातच बसते. तिच्या वाटीतले तांदूळ त्यांनी कधी संपू दिले नव्हते. आता दोन दाण्यांवरून या बाईशी वाद घालावा लागणार, या तयारीनं मी झाकण काढलं.

टाक आणि बाळकृष्ण कोरड्या फडक्यात गुंडाळलेले होते. शेजारी अन्नपूर्णा, नुसत्या घासलेल्या स्टीलवर आडवी.

"एक दाणा नाय," सासूबाई म्हणाल्या. "फडकं बी दोनदा झटकलंय."

मी झाकण लावलं आणि डबा त्यांना परत द्यायला गेले. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तूच धर," त्या म्हणाल्या. "रिकामं भांडं घेऊन म्या कधी उंबरा वलांडला नाय."