राहून गेलेलं उष्टावण

लेकीला भरवायला बसले की मी आधी तिचा चेहरा नीट बघून घेते. ओठ किती जाड आहेत, डोळ्यांखाली लाली आहे का, काल डास चावला तो डाग कुठे आहे. जेवण झाल्यावर ताडून बघायला काहीतरी हवं ना! बाकीच्या आया लेकरांच्या तोंडाकडे कौतुकाने बघतात, मी पोलिसासारखी बघते.

दूध, अंडं, शेंगदाणा आणि काजू, या चारांची तिला ॲलर्जी. ती तान्ही असताना माझं दूध कमी पडतंय म्हणून डब्यातलं दूध पहिल्यांदा पाजलं, तर बाटली संपायच्या आत तिच्या अंगभर गांधी उठल्या. बाकीची तीन नावं तपासण्यांतून कळली. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "हिचं पोट बिघडेल एवढ्यावर भागणार नाही. श्वास अडकू शकतो." मांडीत टोचायचं इंजेक्शन कायम जवळ ठेवायला लावलं आणि रिकाम्या सुईने उशीवर माझ्याकडून सराव करून घेतला. त्या उशीवर मी पुन्हा कधी डोकं टेकवलं नाही.

नायगावच्या आमच्या इमारतीत एकदा एका काकूंनी लिफ्टमध्ये तिच्या हाताचा पापा घेतला. नुकत्याच चहा पिऊन निघाल्या होत्या. खाली पोचेपर्यंत मनगटावर ओठांच्या आकाराची लाल गांध उठली होती. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये लेकीला भिंतीकडे तोंड करून धरते. लोक मला माणूसघाणी म्हणतात. म्हणोत बापडे.

माझं सासर नालासोपाऱ्याजवळच्या गास गावचं. घराभोवती केळी, नारळ, पानवेलींची वाडी. लेक वर्षाची होऊन गेली तरी तिचं उष्टावण झालं नव्हतं, हे सासूबाईंच्या मनाला फार लागलं होतं. ती मऊ भात खात होती, मुगाचं वरण खात होती, त्यांच्याच वाडीतलं राजेळी केळं उकडून दिलं की ताटली चाटत होती. पण मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली नाही, तर त्यांच्या लेखी पोरीने अजून अन्नाला तोंडच लावलं नव्हतं. मी दर वेळी टाळत आले. शेवटी त्या म्हणाल्या, "खीर नारळाच्या दुधाची करू. तू समोर बसून करून घे. तू म्हणशील ते भांडं, तू म्हणशील तो चमचा. मग तर झालं?"

यावर नाही कसं म्हणणार?

त्यांनी शब्द पाळला. नवं पातेलं आणलं, नवी पळी आणली. आदल्या दिवसापासून स्वयंपाकघरात दुधाचा थेंब येऊ दिला नाही, सासऱ्यांना कोरा चहा पाजला आणि त्यांची कुरकुर ऐकून घेतली. वाडीतला नारळ, घरचे तांदूळ, गूळ, बस्स. खीर झाल्यावर मी बोटभर लेकीला गुपचूप चाटवून बघितली आणि बराच वेळ तिच्याकडे टक लावून बसले. काही झालं नाही. सासूबाईंनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

मग माझ्या भावाने तिला मांडीवर घेतलं. पुष्कराजाची अंगठी खिरीत बुडवून तिच्या जिभेवर टेकवली. दात येत होते, हिरड्या शिवशिवत होत्या, तिने अंगठीच चोखायला घेतली. भाऊ काढायला गेला की भोकाड पसरायची. सगळे हसले. मीही हसले, खूप दिवसांनी.

आधी ती कान चोळायला लागली. मग खोकली. मग खालचा ओठ एका बाजूने फुगला आणि मला कळलं. उलटी झाली, रडायला लागली, आणि ते रडणं घोगरं होतं, दुसऱ्याच कुणाच्या मुलीचं असावं तसं. नवऱ्याने तिचे पाय धरले, मी इंजेक्शन मांडीत खुपसलं. उशीत शिरते तशी सुई मांडीत शिरत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई माझ्याशी एरवी शाळेतल्या मराठीत बोलतात. तेव्हा मात्र त्या घरच्या बोलीत काहीतरी ओरडत होत्या, आणि त्यातलं मला अक्षरही कळत नव्हतं.

भावाच्या गाडीतून आम्ही नालासोपाऱ्याकडे निघालो. सासूबाई पुढे, मी आणि नवरा मागे. बाजारात गाडी अडकली. पुढे टेम्पोतून कांद्याची पोती उतरत होती. लेक माझ्या मांडीवर ढिली पडली होती. मी तिला हाका मारत होते, तिच्या तोंडावर फुंकर घालत होते, आणि मला वाटलं, ही आता जाणार. हे वाक्य मी आजपर्यंत कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही.

दवाखान्यात तिच्या नाकाला नळी लावली, हाताला सलाईन लावलं, पुन्हा इंजेक्शन दिलं. छातीतली शिट्टी हळूहळू उतरली. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं?" मी तांदूळ सांगितले, गूळ सांगितला, पातेल्याचं दुकानसुद्धा सांगितलं. मग सासूबाईंकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "खरं सांगा, कुठे दुधाचा हात लागला होता का?"

"पोरीच्या गळ्याची शपथ," त्या म्हणाल्या. "दुधाला मी शिवले पण नाही. फक्त सकाळी देवपूजेला..." आणि तिथेच थांबल्या.

"देवपूजेला काय?"

"अंगठी. मामाकडून मागून घेतली होती. शुभकार्याला लागणारं सोनं आधी देवापुढे ठेवतात. देवांबरोबर ताम्हणात ठेवली, पंचामृत घातलं."

"मग धुतली?"

"पाणी घातलं की. देवांना घालतो तेवढंच. मग पुसली."

भावाने बोटातली अंगठी काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी सुईच्या टोकाने खड्याखालची खाच कोरली. पांढरं काहीतरी निघालं, नखाच्या टोकावर मावेल एवढं.

"दूध मी स्वयंपाकघरातून काढलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "देवघरातलं दूध हे दूध असतं, हे डोक्यातच आलं नाही गं."

मला ओरडायचं होतं. शब्द तयारही होते, चांगले तिखट. पण ओरडणार कशावरून? त्यांनी मी सांगितलेलं सगळं केलं होतं. मी सांगितलेल्यात अंगठी नव्हती, ताम्हण नव्हतं. ते आठवणार कुणाला? मला रागापेक्षा भीतीच जास्त वाटली. आज अंगठी निघाली, उद्या काय निघेल? हळदीकुंकवाच्या हातापासून बागेतल्या झोपाळ्याच्या साखळीपर्यंत सगळं जग मला दुधाने ओलं दिसायला लागलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता द्या थोडं खायला. भूक लागली असेल." नवरा नायगावला जाऊन आमच्याच कुकरमधला मऊ भात आमच्याच डब्यातून घेऊन आला. सासूबाई दाराशी उभ्या होत्या, आत येत नव्हत्या. दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

मी हात धुतले. पुन्हा धुतले. घास कालवला आणि हात तिथेच राहिला. डबा कुणी पुसला? बेसिनचा नळ कुणी धरला होता? नवरा वाटेत चहा प्यायला का? मी त्याला विचारलं, तो नाही म्हणाला, तरी हात पुढे जाईना. घास बोटांत गार होत चालला.

लेकीने "आ" केलं. मी हलले नाही. तिने वाट बघितली, मग सलाईनची पट्टी बांधलेल्या हाताने माझं मनगट धरलं आणि घास स्वतःच तोंडात ओढून घेतला. मी तिचा ओठ बघत बसले. ती चावत होती, माझ्याकडे बघत होती. गिळल्यावर तिने पुन्हा तोंड उघडलं, मी देईन ते घ्यायला.