पाहुण्यांची केळी

छत्रीचे टोक जमिनीवर दोनदा आपटून काका विचारीत, "हे कुठं चाललंय काय?"

समोरचा माणूस गोंधळून पायांखाली पाही. तिथे मैदानाखेरीज काही नसे.

"नाय ना? मग संघ का चालला?"

हा प्रश्न त्यांनी चर्चच्या फादरांना विचारला, पोस्टमनला विचारला, आगाशीच्या बसच्या कंडक्टरलाही विचारला. सर्वांत जास्त वेळा मला विचारला, कारण मी गावच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी होतो. संघ हलवण्याच्या ठरावाला ज्यांनी हात वर केले, त्यांत माझाही हात होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी त्यांच्याकडे कुठल्या जागेवरून पाहतो आहे, ते वाचकांना ठाऊक असेल.

ते वसईतले जुने वाडीवाले. मैदानाला लागून त्यांची केळीची वाडी होती. घरी ते त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी मात्र शाळेतली मराठी. राग आला की तिच्यात बोली मिसळे, आणि नव्वदच्या दशकाअखेर ती बरीच मिसळू लागली होती. सारा गाव त्यांना काका म्हणे. मला ते नावाने कधीच हाक मारीत नसत. मी नोकरीनिमित्त कोल्हापूरहून आलेला, त्यामुळे "कोल्हापूरकर".

आमच्या मैदानाविषयी सांगायला हवे. चर्चच्या मागे, तीन बाजूंना वाड्या आणि चौथ्या बाजूला बावखल. बावखल म्हणजे वाड्यांना पाणी देणारे गोड्या पाण्याचे तळे. त्या बावखलाने मैदानाचा एक कोपरा खाल्ला होता. त्यामुळे डावीकडची कॉर्नर किक नियमापेक्षा बरीच आतून मारावी लागे. आमच्या पोरांना लहानपणापासून तोच कोन ठाऊक. चेंडू असा वळून येई, की पाहुण्या गोलरक्षकाने दोन्ही हात पसरून आभाळाकडे पाहत राहावे.

या मैदानाचे दोन कायदे होते, आणि दोन्हींचे पालन काकांच्या हाती होते. पहिला: चेंडू बावखलात गेला, तर ज्याने मारला त्यानेच पाण्यात उतरून काढायचा. मग तो कितीही मोठा खेळाडू असो. दुसरा: मध्यंतरात पाहुण्या संघाला काकांच्या वाडीतली वेलची केळी मिळायची. टोपली घेऊन ते स्वतः येत. घरच्या संघाला माठातले पाणी.

आमचा डाव्या बगलेचा खेळाडू एकदा म्हणाला, "काका, आम्हालाही एखादं द्या की!"

"तू घरचा ना? मग पाहुण्याच्या ताटात बघू नये."

"पण ते दोन गोलांनी पुढे आहेत!"

"म्हणून तर देतो. पोट भरलं की पाय जड होतात." असे म्हणून त्यांनी पाहुण्यांच्या कप्तानाला आणखी एक फणी दिली.

ते आदरातिथ्य होते की डावपेच, याचा निकाल मला अखेरपर्यंत लावता आला नाही. आमच्या पेठेत पाहुण्या संघाला मध्यंतरात शिव्या मिळतात, असे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ हसले. "मग केळी बरी. शिव्यांनी माणूस जिद्दीनं खेळतो."

पुढे आमचा संघ जिंकत जिंकत मोठ्या लीगमध्ये गेला, आणि अडचणींना तिथूनच सुरुवात झाली. लीगचे साहेब टेप घेऊन आले. त्यांनी मैदान मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाले, "हे मैदान वाकडं आहे."

"मैदान वाकडं नाय," काका म्हणाले, "तुमची टेप सरळ हाय."

साहेबांना प्रेक्षकांसाठी स्टँड हवा होता, गाड्या लावायला जागा हवी होती, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी मचाण हवे होते. यांतले काहीच आमच्याकडे नव्हते. त्याच सुमारास एक बिल्डर पुढे आला. क्लबचा सगळा खर्च तो उचलणार होता. संघाने खाडीपलीकडच्या नव्या स्टेडियमवर जायचे आणि नावात त्याच्या गृहसंकुलाचे नाव घालायचे, एवढीच त्याची अट. शाळेच्या वर्गात सभा भरली. काका सभासद नव्हते, म्हणून दाराच्या चौकटीत उभे राहिले.

बिल्डर नम्रपणे म्हणाला, "काका, जग कुठल्या कुठे गेलं."

"जाऊ द्या. परत येताना भेटेल."

सगळे हसले आणि हसत हसत हात वर झाले. मुलांना चांगले बूट मिळतील, काहींना नोकऱ्या लागतील, लहान गावाचा मोठा क्लब होईल, असा माझा हिशेब होता. त्यात खोटे काही नव्हते. फक्त दारात उभा असलेला माणूस त्या हिशेबात कुठेच बसत नव्हता, आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठले. "कोल्हापूरकर, खरं सांगा. तुमच्या पेठेचा संघ कोणी सांगलीला नेऊन ठेवला असता, तर?"

"दंगल झाली असती."

"ठरावाला हात कोणी वर केला असता?"

"त्याला रंकाळ्यात टाकला असता."

"आमचं बावखल लहान पडतं," असे म्हणून ते छत्री टेकीत निघून गेले.

तरी नव्या स्टेडियमवरच्या पहिल्या सामन्याला ते आले. वाडीचा टेम्पो काढला, त्यात गावातली जुनी मंडळी बसली आणि मागे केळ्यांची टोपली. फाटकावर रखवालदाराने टोपली अडवली.

"अंकल, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"अरे बाबा, खाना नाय, केळी हाय. पाहुण्यांची."

"कौन मेहमान?"

काकांनी टोपली खाली ठेवली. स्टेडियमकडे पाहिले, आमच्या टेम्पोकडे पाहिले. "तेच तर कळत नाय बाबा," ते म्हणाले. "हितं पाहुणा कोण आन घरचा कोण?" शेवटी सगळी टोपली त्यांनी रखवालदाराच्या स्टुलावर रिकामी केली. आत वडे आणि थंड पेये विकत मिळत होती.

आमच्या डाव्या बगलेच्या खेळाडूने त्या दिवशी प्रत्येक कॉर्नर गोलपोस्टवरून मारला. मैदान चांगले चौकोनी होते, आणि त्या कोपऱ्यातून मारायची त्याला सवयच नव्हती. "बघा," काका म्हणाले, "सरळ मैदानावर आमची पोरं वाकडी." एक चेंडू स्टँडमध्ये गेला, तशी कोणीतरी लगेच दुसरा आत टाकला. काका मात्र मान वळवून पहिल्या चेंडूकडे पाहत राहिले. तो आणायला कोण जातो, याची ते वाट पाहत होते. कोणी गेले नाही.

त्यानंतर एकेक गोष्ट अंगावर येत गेली. टीव्हीच्या सोयीसाठी सामने रविवारवरून आठवड्याच्या मधल्या वारावर गेले, तेही दुपारी, म्हणजे नोकरदार आपोआप बाद. मग संघाच्या नावात गावाचे नाव मागे सरकले, पुढच्या मोसमात बारीक अक्षरांत गेले आणि त्यानंतर जर्सीवर जागा नाही म्हणून गळून पडले. तक्रार करायला लीगच्या कचेरीत गेलो, तर ते क्लबकडे बोट दाखवीत. क्लब बिल्डरकडे दाखवी. बिल्डर म्हणे, लीगचे नियम आहेत.

"आता मी ओरडू काय?" काका मला विचारीत. "गावाचं नाव तर काढलंत. वन बीएचके, वन बीएचके, असं ओरडू?"

त्यांचे मागणे एकच उरले होते: वर्षाला एक सामना, फक्त एक, आपल्या मैदानावर. रविवारी मिस्सा संपली की ते चर्चमधून थेट आमच्या इमारतीखाली येत आणि छत्रीने जिन्याचा कठडा वाजवीत.

"सेक्रेटरी, एक मॅच?"

"पुढच्या मोसमात नक्की, काका."

ते मी अनेक मोसम म्हणत राहिलो. प्रत्येक वेळी प्रयत्न करीन, असे मनाशी ठरवीत असे, आणि एकदा नकार मिळाला की थांबत असे. दरम्यान, दर मोसमाच्या सुरुवातीला ते गवत काढून, पांढऱ्या फक्कीने मैदान आखून ठेवीत; बावखलापाशी रेघ नेहमीसारखी आत वळवलेली.

"कोण खेळणार आहे, काका?" मी एकदा विचारले.

"ते तुम्ही सांगायचं," ते म्हणाले. "मी रेघ मारायची."

अखेर एकदा सामना ठरला. त्याचे श्रेय मला नाही. बिल्डरला आमच्या बाजूला नवे गृहसंकुल उभारायचे होते, त्याची जाहिरात म्हणून मैत्रीपूर्ण सामना हवा होता. समोर कोण? गावातल्या उरलेल्या मुलांचा संघ. मला मनापासून आनंद झाला. दिलेला शब्द एकदाचा फळाला आला, असे वाटले. रंगीत बसमधून आमचा संघ उतरला. सगळा गाव लोटला होता. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

मध्यंतर झाले. वाडीच्या फाटकातून काका टोपली घेऊन निघाले. गावची मुले माठापाशी उभी होती. काका त्यांच्यासमोरून पुढे गेले. मैदान ओलांडून ते थेट आमच्या संघाकडे आले आणि केळी वाटू लागले.

डाव्या बगलेच्या खेळाडूने हात पुढे करून केळे घेतले. सोलायला गेला, आणि मग त्याच्या ध्यानात आले. तो तसाच थांबला.

"खा रे," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोपे झाले असते. "लांबून आलायस."

मग ते बसपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे आले आणि एक केळे पुढे धरले. "घ्या, कोल्हापूरकर. पाहुण्यांनी लाजू नये."

मी ते घेतले. ते खाणे बरे की परत करणे बरे, हे मला ठरवता आले नाही. सामना पुन्हा सुरू झाला, तेव्हाही ते माझ्या हातात होते.

उत्तरार्धात डाव्या बगलेच्या त्याच खेळाडूचा फटका बावखलात गेला. बसमधून कोणीतरी नवा चेंडू आणला आणि पंचाने तो मागितला. खेळाडूने पंचाला हाताने थांबवले. त्याने खाली बसून बूट काढले, मोजे काढून त्यांत खोचले आणि तो पाण्यात उतरला. सारे मैदान टाळ्या वाजवीत होते. काकांनी टाळी वाजवली नाही. छत्री काखेत धरून ते काठावर गेले आणि तो वर येताना त्यांनी त्याला हात दिला.

पुढे बिल्डरचे लक्ष दुसऱ्या उद्योगाकडे गेले. लीगमधली आमची जागा दुसऱ्या शहरातल्या एका क्लबाकडे गेली, आणि खेळाडू पांगले. मी सेक्रेटरीपद सोडले, तेव्हा सोडण्यासारखे काही उरलेही नव्हते. त्यानंतरच्या एका थंडीत काका गेले. चर्चच्या दफनभूमीत त्यांना माती देताना मैदान भिंतीपलीकडे होते, आणि त्या वर्षी ते कोणी आखलेले नव्हते.

पुढच्या मोसमापासून फक्की मी मारू लागलो. मला ते नीट जमत नाही. नव्या इमारतींमधले लोक सांगतात, "अहो, तिकडे रेघ वाकडी जाते आहे." मी हो म्हणतो आणि बावखलापाशी ती आत वळवतो. गावचा संघ आता तालुक्यातल्या लहानसहान स्पर्धा खेळतो. लीगला त्यात रस नाही, आणि आम्ही कोणाला मोजायला बोलावलेले नाही.

गेल्या हंगामात चांदीप गावचा संघ आला होता. मध्यंतरात वाडीचे फाटक वाजले. काकांच्या पत्नी टोपली घेऊन येत होत्या. त्या सावकाश चालतात. वाटेत थांबून दम घेतात. गावच्या पोरांबरोबर मी माठापाशी उभा होतो, हाताला फक्की लागलेली. त्या जवळ आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओळखीचे हसल्या, आणि टोपली दुसऱ्या कमरेवर घेऊन माझ्यासमोरून तशाच पुढे गेल्या.

मी माठातले पाणी प्यालो.