छातीवरचं बोईसर

"गाव कुठला?"

बॉक्सिंगच्या शेडमध्ये नवीन कोणी आलं की सरांचा पहिला प्रश्न हा असे. नाव नंतर, वजन नंतर, आधी गाव. समोरचा सांगे जळगाव, किंवा बिहारमधलं छपरा, किंवा विक्रमगडकडच्या एखाद्या पाड्याचं नाव. सर ऐकून घेत, दोन बोटांनी त्याच्या छातीवर टकटक करत आणि म्हणत, "तो बापाचा झाला. तुजा कुठला?"

समोरचा गोंधळून जाई. मीही गोंधळलो होतो, आणि मी तर बॉक्सिंग शिकायला आलेलोही नव्हतो. बोईसरला माझं फ्लेक्स आणि जर्सी छापायचं दुकान आहे. सर बनियन छापून घ्यायला आले होते आणि कामाचं बोलायच्या आधी त्यांनी मलाच गाव विचारलं. माझं घर इथे, पोरं इथे जन्मलेली, तरी तोंडातून निघालं, तासगाव. "तो बापाचा झाला," सर म्हणाले. मला रागच आला. गिऱ्हाइकाने गिऱ्हाइकासारखं राहावं, असं माझं मत आहे.

पण तुम्ही बोईसरला कधी राहिला असाल, तर हा प्रश्न किती अडचणीचा आहे ते तुम्हाला कळेल. इथे बहुतेक सगळे कामाला आलेले. कोणी कारखान्यात, कोणी वीजकेंद्रात. दिवाळी आली की जो तो 'गावाला' जातो. राहायचं बोईसरला, पण गाव म्हणून नाव सांगायचं दुसरंच. सरांना हे बघवत नसे. ते स्वतः सातपाटीचे, मच्छीमाराच्या घरातले, पण बोटीवर कधी रमले नाहीत. तरुणपणी मुंबईला गोदीत कामाला असताना बॉक्सिंग शिकले, मग इथल्या एका कारखान्यात बॉयलरवर लागले. पाळी सुटली की सालवडजवळ ग्रामपंचायतीने दिलेल्या एका रिकाम्या शेडमध्ये पोरापोरींना शिकवत. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. गेल्या पावसाळ्यात ते गेले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. स्वतःचं नाव छापलेलं त्यांना आवडत नसे, आणि हे मला धंद्यामुळे पक्कं ठाऊक आहे.

बनियनवर त्यांना एकच शब्द हवा होता. बोईसर. मी आपला धंद्याचा सल्ला दिला, की नुसतं नाव उघडं दिसतं, पुढे काहीतरी लागतं, वाघ, वादळ, वॉरियर्स.

"वाघ कुठं हाय इथं?" सर म्हणाले. "केमिकलचा वास हाय. तो छापता येल काय?"

बरं, मग पाठीवर टाकू, सगळे तसंच करतात, असं मी म्हटलं.

"पाठीवर कशाला? आपण पाठ दाखवाला चाललोय काय?"

शेवटी निळ्या बनियनवर पांढऱ्या अक्षरांत छातीभर 'बोईसर' छापलं. खरं सांगतो, मशीनवरून पहिला बनियन उतरला तेव्हा मीही तो आरशासमोर अंगाला लावून पाहिला.

त्याच सुमारास बॉक्सिंगची लीग निघणार अशी बातमी आली. कबड्डीसारखीच, शहराशहरांची. प्रत्येक शहराचा संघ, संघाला मालक, टीव्हीवर लढती. सरांच्या डोक्यात बसलं की त्यात बोईसरचा संघ उतरवायचा. त्यांनी एका कारखानदाराला मालक व्हायला तयारसुद्धा केलं. मी विचारलं, पोरं चांगली आहेत तर कुठल्याही संघातून खेळतील, नावाचा एवढा हट्ट कशाला? सर माझ्या टेबलावरची कात्री उचलून परत ठेवत म्हणाले, "मुंबईचा पोरगा लडतो तवा आखी मुंबई वरडते. आमच्या पोरांसाठी कोन वरडनार? बापाच्या गावाला त्यांचं तोंडपन म्हाईत नाय."

 बनियनांचं पुढचं काम मी त्याच दिवशी हाती घेतलं.

शेडमध्ये तेव्हा वनिता आणि रेश्मा या दोघी सरांच्या जिवाभावाच्या होत्या. वनिता डोंगराकडची. भाताची कापणी झाली की तिचे आईबाप वीटभट्टीवर जायचे, म्हणून ती शाळेपुरती रेश्माच्या घरी राहिली आणि मग तिथलीच झाली. रेश्माचा बाप जळगावकडचा, सरांच्याच कारखान्यातला. दोघी एका वजनाच्या, त्यामुळे रोज एकमेकींनाच ठोसे मारायच्या आणि घरी जाऊन एका ताटात जेवायच्या. एकीच्या डोळ्याखाली काळंनिळं दिसलं की रेश्माची आई दुसरीला ओरडायची. पालघरच्या एका स्पर्धेत माइकवाल्याने वनिताला गाव विचारलं आणि ती पटकन "बोईसर" म्हणाली. त्या दिवशी सरांनी अख्ख्या शेडला वडापाव खाऊ घातला, आणि मला तर दोन.

मग लीगवाल्यांनी मुंबईला भेटीला बोलावलं. सरांनी मला बोलका माणूस म्हणून बरोबर घेतलं. ग्रामपंचायतीतले दोघेजण आपण होऊन आले, शाल-श्रीफळ घेऊन. मुलींच्या लढतींचे व्हिडिओ पाहून लीगचा तरुण साहेब खूश झाला. कारखानदाराचंही बोलणं झालेलं होतं. सगळं जमत आलं होतं. मग साहेबाने सहज विचारलं, "तुमची महानगरपालिका कुठली?"

सर ताठ बसले. "महापालिका नाय, ग्रामपंचायत. पन आखी ग्रामपंचायत आमच्या मागं हाय! शेड त्यांनीच दिली."

'ग्रामपंचायत' ऐकताच आपली पाळी आली असं समजून ते दोघे उठले. त्यांनी साहेबाच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. साहेब नारळ मांडीवर घेऊन बसला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे बोईसर गाव आहे?"

खोटं कोणी बोललं नव्हतं. एवढे कारखाने, एवढ्या इमारती, एवढी माणसं, पण कागदावर आम्ही अजून गावच. आणि लीग शहरांची होती. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने वर फोन लावून पाहिला, नियम नियमच राहिला. संघ घेता येणार नाही, पण मुलींना निवडीला पाठवा, चांगले संघ उचलतील, असं तो म्हणाला. कारखानदाराने पुढच्याच आठवड्यात अंग काढून घेतलं.

परतताना मनोरच्या फाट्यावरून गाडी वळली तेव्हा सर एकटेच हसले. "आपले लोक म्हनतात, हा आमचा गाव नाय. आन ते म्हनतात, हा नुसता गावच हाय."

मला हसू आलं नाही.

शेडमध्ये त्यांनी मुलींना सगळं सांगितलं. वनिताने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "बोईसर नाय तर आमी नाय जात." रेश्मानेही मान डोलावली. मी सरांच्या तोंडाकडे पाहत होतो. एवढी वर्षं ज्या शब्दासाठी हा माणूस लोकांच्या छातीवर टकटक करत आला, तो शब्द त्यांना मिळाला होता. क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हे मुलींना ठेवून घेणार. मग ते उठले आणि त्यांनी दोघींच्या पिशव्या स्वतः उचलून दारात नेऊन ठेवल्या.

"जा," ते म्हणाले. "बोईसरचं नाव मी बनवाला बसलोय. तुमी त्या नावासाठी घरी बसाल तर मी कसला मास्तर?"

वनिताला नाशिकने घेतलं, रेश्माला पुण्याने. दोघींच्या अंगावर नवे रंग आले. शेडमधली पोरं मोबाइलवर त्यांच्या लढती बघायची, सर बघायचे नाहीत. म्हणायचे, चष्मा सापडत नाय. चष्मा खिशातच असे.

आणि मग नाशिक विरुद्ध पुणे आलं, आणि त्यात ह्या दोघी समोरासमोर. ठाण्याला दुपारची लढत होती. मी सरांना जवळजवळ ओढूनच नेलं. कोपऱ्यात उभं राहायचा हक्क ज्याच्या त्याच्या संघाच्या मास्तरांचा, त्यामुळे आम्ही तिकीट काढून गर्दीत बसलो. आमच्या एका बाजूला नाशिकवाले ओरडत होते, दुसऱ्या बाजूला पुणेवाले. सरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. पहिली फेरी संपली तशा दोघी आपापल्या कोपऱ्यात बसल्या. मास्तर त्यांना काही सांगत होते, पण त्या दोघी गर्दीत सरांना शोधत होत्या. दोघींना सर दिसले. एका बोटाने खुणावलं असतं तरी एकीला कळलं असतं की हनुवटी झाक, किंवा डावीकडून जा. सरांनी डोळे मिटून घेतले आणि लढत संपेपर्यंत उघडले नाहीत. मीच त्यांना कानात सांगत राहिलो, आणि मला त्यातलं काही कळत नाही.

वनिता जिंकली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. आम्ही उठणार एवढ्यात दोघी खुर्च्यांमधून वाट काढत वर येताना दिसल्या, हातांत ग्लोव्हज तसेच. ते ग्लोव्हज स्वतःचे स्वतःला काढता येत नाहीत, नाडी दुसऱ्याने सोडावी लागते. त्यासाठी खाली दोन्ही संघांची माणसं उभी होती. त्यांना सोडून ह्या वर आल्या आणि चारही हात सरांच्या पुढ्यात धरले. मागून एक कार्यकर्ता धावत आला. "काका, तुम्ही कुठल्या टीमचे? इथे असं चालत नाही."

"कुठल्याच नाय," सर म्हणाले. "जरा थांबा, हातातला काम होऊ द्या."

त्यांनी आधी रेश्माचा हात घेतला. चिकटपट्टी दातांनी तोडली आणि नाडी सोडायला लागले. रेश्मा हमसून रडत होती. नाडी काही केल्या सुटत नव्हती, पण सरांचा आवाज नेहमीचाच होता.

"रडते कशाला, पोरी? आपलीच जिकली ना."

पहिला ग्लोव्ह निघाला. रेश्माने मोकळ्या हाताने नाक पुसलं, वनिताकडे पाहून मान डोलावली आणि दुसरा हात पुढे केला.