निळी शेपटी आणि मेंदीची पाठ

चहा घेत घेत ऐका, पण घोट तोंडात असताना हसू नका. फजिती माझी झाली ती झाली, वर उपरणंही माझंच भिजायचं!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आम्ही जुन्या जालन्यात राहायचो. बहीण गोदी, तिचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. शालू आणून लाकडी पेटीत ठेवलेला. आणि त्याच घरात उंदरांचा सुळसुळाट! पेटीचा एक कोपरा तर त्यांनी कुरतडायला घेतलाही होता.

माय म्हणाली, "दिगू, बाजारातून जहर आण."

मी छाती पुढे काढली. "जीव घ्यायचा न्हाई, माय. गणपतीचं वाहन हाय ते. मी जित्ता धरतो अन् नदीपल्याड सोडतो."

"अन् शालू कुरतडला मंग?" गोदीचे डोळे भरून आले.

"तर मी लग्नाच्या मांडवात पाय ठेवणार न्हाई!"

आता मला सांगा, एवढं बोलायची काही गरज होती?

पिंजरा आणला, आत भज्याचा तुकडा अडकवला. रोज सकाळी एक गिऱ्हाईक हजर! मी पिंजऱ्यावर फडकं टाकायचो, कुंडलिकेचं कोरडं पात्र ओलांडायचो आणि नव्या जालन्याच्या काठावर दार उघडायचो. उंदीर पळाला की काशी केल्यासारखं वाटायचं.

आठ दिवस झाले. उंदीर काही कमी होईनात.

"त्योच वापस येऊन राह्यला," माय म्हणाली.

असं कसं होईल? खात्री करायला मी एकाच्या शेपटीला कपड्यांची नीळ फासली आणि सोडून आलो. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात पाहतो तर काय! शेपटी साधीच, पण पाठ लालभडक. मेंदी!

गोदी रडायचं विसरली. "दादा, माझ्याआधी ह्याचंच लगीन लागलं का?"

मी पिंजरा उचलला आणि तडक नदीत उतरलो. समोरून नव्या जालन्यातले बांगडीवाले रहीमचाचा येत होते. त्यांच्याही हातात फडक्याखाली काहीतरी चौकोनी.

"काय घेऊन निघालात, चाचा?"

"मिठाई है बेटा. और तुम?"

"मोदक."

तेवढ्यात मिठाई चीं चीं करायला लागली. मोदकांनीही उत्तर दिलं!

दोघांनी फडकी काढली. त्यांच्या पिंजऱ्यात माझी निळी शेपटी! आणि माझ्या पिंजऱ्यातली ती लाल पाठ? मी चाचांच्या दाढीकडे पाहिलं. अगदी तोच रंग! दाढीला लावून उरलेली मेंदी त्यांनीही खुणेसाठी उंदरावर खपवली होती.

"या अल्ला! मैं रोज तुम्हारे तरफ छोडरा, तुम मेरे तरफ!" चाचा हसत हसत वाळूतच बसले. मीही बसलो. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "पहले बिल बंद करो, बेटा. चुना और फूटी चूडियां. काच कू चूहा दात नै लगाता."

त्याच दुपारी चाचा फुटक्या बांगड्यांची टोपली घेऊन आमच्याकडे आले. दोघांनी मिळून एकूण एक बीळ बुजवलं. हिरव्या-लाल काचांनी भिंती अशा चमकायला लागल्या, की मलाच माझं कौतुक वाटलं.

"बघ माय! आता उंदराला आत यायला बोटभर जागा न्हाई!"

मायनं कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे पाहिलं. गडबडीत धक्का लागून दार सताड उघडलेलं, आत कोणीच नाही. हसण्याच्या नादात मेंदीवाल्याला मी तसाच घरी परत आणला होता!

"अन् बाहेर जायला?" माय म्हणाली.

पेटीमागून कुरकुर ऐकू आली. गोदीनं किंकाळी फोडली. पेटी ओढली, तर पठ्ठ्या मागच्या बुजवलेल्या बिळाला नाक लावून बसलेला. घराचं दार उघडलं, हाकलून पाहिलं, पण त्याला आपली ओळखीचीच वाट हवी! शेवटी मी माझ्याच हातानं ओला चुना उकरला. तो ऐटीत निघून गेला. मी पेटी उघडली. शालूचा एक धागाही तुटला नव्हता. देवाशप्पथ, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

चुना संपला होता, म्हणून त्या बिळात नुसता दगड ठोकला. चाचांनी स्वतः गोदीच्या हातात चुडा भरला, आणि मी मांडवात मिरवलो.

पण पाहुण्यांच्या नजरेतून काय सुटतं? एका मावशीनं विचारलंच, "सगळीकडं बांगड्या लावल्या, मंग हितंच दगड कामून?"

माय म्हणाली, "दिगूची अक्कल तिथून बाहेर गेल्ती. वापस आली तर आत घ्यावी लागंल न्हाई का? म्हणून कच्चंच ठेवलंय."